शेजाऱ्याला २७,२०० आणि मला ६,८००: अतिवृष्टी अनुदानाचा हिशेब कसा लागतो

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही परांडा तालुक्यातले. सप्टेंबर २०२५च्या पुरात सीनाकाठचं सोयाबीन सगळं गेलं. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६० आर, मी आणि धाकटा भाऊ असं सामायिक खातं. भाऊ पुण्यात नोकरीला, रान मीच कसतो. माझ्या खात्यावर आधी ६,८०० आले, नंतर ८,०००. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचं रान तेवढंच, पीकही सोयाबीनच, त्याला पहिल्या खेपेलाच २७,२०० पडले. तलाठी म्हणतात वरून आलं तेवढं दिलं, तहसीलमध्ये म्हणतात तलाठ्याला विचारा. नेमकं पाणी मुरतंय कुठं?"

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, आधी तलाठी आणि शेवटी मंडळ अधिकारी म्हणून. पंचनाम्याचे तक्ते भरलेही आहेत आणि तपासलेही आहेत. त्यामुळे सरकार बरोबर की चूक या चर्चेत न शिरता आधी तुमच्या रकमेची फोड करतो. ती रक्कमच बरंच काही सांगते.

शासनाचा दर हेक्टरी असतो आणि एक हेक्टर म्हणजे १०० आर. २०२५ च्या मदतीत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० म्हणजे आरला ८५ रुपये. बागायतीला १७,००० म्हणजे आरला १७०. बहुवार्षिक, म्हणजे द्राक्ष, डाळिंब, मोसंबी, आंबा यांना २२,५०० म्हणजे आरला २२५. आता ६,८०० ला ८५ ने भागा. उत्तर येतं ८०. तुमचं ८० आर क्षेत्र जिरायत म्हणून धरलं गेलं आहे. नंतरच्या ८,००० ला हेक्टरी १०,००० च्या दराने भागलं तरी ८० आरच निघतात. ते पैसे रब्बीच्या बियाण्यासाठी ७ ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये जाहीर झाले होते. दोन्ही रकमा एकमेकींशी जुळतात, म्हणजे मध्ये कुणी काही कापलेलं नाही. यादीतच तुमच्या नावापुढे ०.८० लिहिलेलं आहे.

शेजाऱ्याचे २७,२०० घ्या आणि १७० ने भागा. १६० आर. त्याचं पूर्ण १ हेक्टर ६० आर धरलंय, आणि बागायत म्हणून धरलंय.

म्हणजे तुमच्या दोघांत २०,४०० चा जो फरक दिसतो तो दोन वेगळ्या गोष्टींचा आहे. ६,८०० रुपये क्षेत्राचे, १३,६०० रुपये दराचे. या दोन्हींचा उपाय वेगळा, कागद वेगळे आणि यश मिळण्याची शक्यताही वेगळी. एकाच अर्जात "माझ्यावर अन्याय झाला, शेजाऱ्याइतकं द्या" असं लिहिलंत तर तो अर्ज फायलीला लागेल आणि तिथंच राहील.

क्षेत्राचं आधी बघू, कारण तिथं तुमचे पैसे बहुतेक बुडालेले नाहीत. सामायिक खात्यात दोघांची नावं आहेत, पण कुणाचा किती वाटा हे सातबाऱ्यावर फोडून दिलेलं नाही. अशा वेळी तलाठ्यापुढे दोन वाटा असतात. एक, इतर खातेदारांचं संमतीपत्र घेऊन सगळं क्षेत्र कसणाऱ्याच्या नावावर लावायचं. दोन, संमतीपत्र नसेल तर खातेदारांत सारखी वाटणी करायची. तुमच्याकडून संमतीपत्र गेलं नसणार, म्हणून ८० तुमच्या नावापुढे आणि ८० भावाच्या नावापुढे गेले असणार. चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत लागलेल्या यादीत तुम्ही स्वतःचं नाव शोधलंत, आता भावाचं शोधा. त्याच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असेल, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो असेल तर पैसे मंजूर आहेत आणि भावाच्या ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्यासाठी, थांबले आहेत, किंवा त्याच्या पुण्यातल्या कुठल्या तरी बँक खात्यात जाऊन पडलेही आहेत आणि त्याला पत्ता नाही.

दुसरी शक्यता लोकांना खरी वाटत नाही, पण फार वेळा तसंच झालेलं असतं. अनुदान आता तुम्ही अर्जावर लिहून दिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही, ज्या बँकेला तुमचा आधार शेवटचा जोडला गेला त्या खात्यात जातं. नोकरीच्या ठिकाणी पगारासाठी खातं उघडलं, पोस्टाच्या बँकेत कुणाच्या तरी सांगण्यावरून अंगठा दिला, की आधारची जोडणी तिकडे सरकते. माणूस गावच्या जिल्हा बँकेत पासबुक छापून घेतो, 'काही आलं नाही' म्हणतो, आणि रक्कम तिसऱ्याच बँकेत महिनाभर पडून असते. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते मोबाईलवर आलेल्या ओटीपीने दोन मिनिटांत दिसतं. भावाला आज संध्याकाळी तेवढंच करायला सांगा.

ई-केवायसी राहिली असेल तर त्यासाठी त्याला गावी यायची गरज नाही. व्हीके नंबर आणि आधार घेऊन तो तिकडच्याच आपले सरकार सेवा केंद्रात जाऊ शकतो. त्याचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ॲग्रीस्टॅकचा फार्मर आयडी, आधीच निघाला असेल तर २०२५ च्या या मदतीसाठी वेगळ्या ई-केवायसीची अट ठेवलेली नाही. मात्र ओळख क्रमांक काढताना तुमचा हा गट त्याच्या नावाला जोडला होता का, ते बघा. गावाकडे शिबिर झालं तेव्हा बाहेरगावी असलेल्या भावांचे गट जोडायचे राहिले, असं घरोघरी आहे.

आता समजा भावाचं नाव यादीतच नाही. मग गोष्ट वेगळी. मग पंचनाम्यात बाधित क्षेत्रच ८० आर लिहिलं गेलं आहे आणि उरलेल्या ८० आरचा कुठंच पत्ता नाही. तिथं अर्ज करावा लागेल. तो कसा करायचा ते पुढे सांगतो, कारण त्याआधी पंचनामा प्रत्यक्षात कसा होतो ते कळायला हवं. अर्जात काय मागायचं ते त्यावरूनच ठरतं.

कागदावर पंचनामा तिघांचा असतो: तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. (तिघांचीही पदनामं अलीकडे बदलली आहेत. ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून कुणी तसं म्हणत नाही, मीही म्हणत नाही.) तिघांनी बांधावर जायचं, पंचांसमक्ष नुकसान बघायचं आणि तक्ता भरायचा. तक्त्यात खातेदाराचं नाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, पीक, पेरणीचं क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, आधार, बँक असे रकाने. त्यात पैशाशी थेट संबंध तीनच रकान्यांचा: बाधित क्षेत्र, पिकाचा प्रकार आणि टक्केवारी ३३ च्या वर की खाली.

प्रत्यक्षात एका तलाठ्याकडे एकाहून जास्त गावं, खातेदार हजाराच्या वर, आणि जिल्ह्याचा आदेश आठवड्याभरात अहवाल द्या असा. रस्ते वाहून गेलेले, रानात गुडघाभर चिखल. नदीकाठच्या पट्ट्यात आम्ही पायी फिरायचो, कारण तिथं पुराची रेघ डोळ्यांना दिसते: बाभळीला अडकलेला गाळ आणि पालापाचोळा जिथपर्यंत, तिथपर्यंत पाणी. बाकीच्या गावाचा तक्ता मात्र देवळात किंवा चावडीत बसून, ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाईलवरून केलेल्या पिकाच्या नोंदींची, यादी समोर ठेवून भरला जातो. ज्याला 'टेबल पंचनामा' म्हणून शिव्या पडतात, तो हाच. मी त्याचं समर्थन करत नाही, पण मुदत आणि माणसं यांचं गणित मांडलं तर दुसरं काही होणंही अवघड असतं. जो शेतकरी त्या दिवशी त्या देवळात हजर असतो त्याचे रकाने नीट भरले जातात. जो पंपाची मोटार शोधायला ओढ्यात उतरलेला असतो त्याचे रकाने यादीवरून उतरवले जातात.

म्हणून 'वरून आलं तेवढं दिलं' हे तलाठ्याचं उत्तर अर्धवट आहे. वरून कुणा एका शेतकऱ्याची रक्कम येतच नाही. गावचे तक्ते तहसीलला जातात, तालुक्याचा गोषवारा जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून मागणी छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडे, आणि तिथून मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे. मग शासन निर्णय निघतो, त्यात जिल्ह्याला एकूण किती शेतकऱ्यांसाठी किती हेक्टरला किती निधी एवढंच असतं. तो आला की तहसीलमधून नाववार यादी पोर्टलवर चढते आणि व्हीके नंबर तयार होतात. मंत्रालयाला तुमचा गट क्रमांक माहीतही नसतो. ०.८० हा आकडा गावातच लिहिला गेला, आणि दुरुस्त व्हायचा तर गावातूनच व्हायला लागेल.

आता दराचा फरक. इथं मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. बागायत धरायचं तर दोन ठिकाणी आधार लागतो: सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद, आणि त्या हंगामाच्या ई-पीक पाहणीत पिकापुढे सिंचनाचं साधन. ई-पीक पाहणी तुम्हीच मोबाईलवरून केली असेल तर जलसिंचनाच्या प्रश्नावर तुम्ही काय निवडलं ते आठवून बघा. पावसावरचं सोयाबीन म्हणून सवयीने 'जिरायत' निवडलं जातं. ॲपमध्ये केलेली नोंद ४८ तासांत बदलता येते, नंतर नाही. शेजाऱ्याने विहीर दाखवली असेल, तर त्याचा कागद तुमच्या कागदापेक्षा भक्कम आहे. कदाचित त्याने काही भागात ऊस किंवा भाजीपालाही लावलेला असेल आणि तुम्हाला बांधावरून सगळं सोयाबीनच दिसत असेल.

तुमच्या रानात विहीर असेल, सातबाऱ्यावर तिची नोंद असेल आणि कृषिपंपाचं वीजबिल तुमच्या नावाचं असेल, तर जरूर मागणी करा. यातलं काही नसेल तर दराच्या मागे लागू नका. आणि 'शेजाऱ्याचं चुकीचं धरलं' अशी तक्रार तर अजिबात करू नका. त्याने तुमचे पैसे एका रुपयाने वाढत नाहीत. त्याच्यावर वसुली निघेल, आणि बांधाचा वाद पुढच्या पिढीपर्यंत चालेल.

दराबद्दल आणखी एक गोष्ट नेहमी विचारली जाते: मागं हेक्टरी १३,६०० मिळाले होते, आता ८,५०० का? कारण हे दर दोन जागी ठरतात. केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष घालून दिलेत. त्या निधीत आपल्यासारख्या राज्यांसाठी ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषात जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५००, आणि मर्यादा २ हेक्टर. त्याच्या वर राज्याला आपल्या तिजोरीतून वाढवून द्यायचं असेल तर मुभा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने तेव्हाच्या जुन्या दराच्या दुप्पट, म्हणजे १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे दर ३ हेक्टरपर्यंत दिले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा निकषावर आले. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने परत १३,६०० झाले. ३० मे २०२५ च्या निर्णयाने परत ८,५०० आणि २ हेक्टर. मग सप्टेंबरचा पूर आला, ओरड झाली आणि ऑक्टोबरच्या पॅकेजमध्ये मर्यादा तेवढी ३ हेक्टर केली व वर रब्बीचे १०,००० जोडले. जिरायतीला १८,५००, बागायतीला २७,०००, फळबागेला ३२,५०० असे जे आकडे तेव्हा टीव्हीवर सांगितले जात होते, ते या दोन्हींची बेरीज होते. तुम्हाला ती बेरीज दोन हप्त्यांत मिळाली, म्हणून ती दिसली नाही.

तीन वर्षांत चार वेळा दर बदलले की गावातल्या माणसाने काय गृहीत धरायचं? पेरणीच्या आधी दर माहीत असावा, एवढी साधी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? पण दर नेहमी नुकसान झाल्यावर आणि निवडणुकीचा अंदाज घेऊन ठरतो. आम्ही तहसीलमध्ये बसून कधी कधी नवा शासन निर्णय आला की आधी शेवटच्या पानावरचा तक्ता बघायचो, मजकूर नंतर.

३३ टक्क्यांच्या अटीबद्दलही बोलायला हवं, कारण निकषातली खरी खोट मला तिथं दिसते. ३३ च्या खाली नुकसान असेल तर शून्य. वर असेल तर पूर्ण दर. ज्याचं सोयाबीन ३५ टक्के गेलं त्याला हेक्टरी ८,५००, आणि तुमच्यासारखं ज्याचं शेंगेसकट कुजलं त्यालाही ८,५००. मधली पायरीच नाही. परिणाम असा होतो की तक्त्यात २५ किंवा ३० हा आकडा जवळपास कधीच लिहिला जात नाही. तलाठीही माणूस आहे, गावातच राहायचंय. सगळ्यांचंच ३३ च्या वर लिहिलं जातं, आणि मग जिल्ह्याची एकूण मागणी बघून मंत्रालयाला सगळेच तक्ते संशयास्पद वाटायला लागतात. ज्याचं खरंच सगळं गेलं त्याला वेगळं काढायची सोयच उरत नाही.

पावसाची अट तुमच्या बाबतीत आडवी यायला नको होती, पण ऐकून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. महसूल मंडळात, म्हणजे काही गावं मिळून केलेल्या विभागात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. हे मोजमाप मंडळातल्या पर्जन्यमापकावर. यंत्र दहा-बारा किलोमीटर लांबच्या गावात, ढग फुटला तुमच्या शिवारात, यंत्रात ५८. असा वाद दरवर्षी असतो. एप्रिल २०२३ मध्ये राज्याने 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती मानायचं ठरवलं, ज्यात सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर असा निकष आहे. पण नदीच्या पुराला यातलं काहीच लागू होत नाही. पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे. सीनेला पाणी वरून, अहिल्यानगरच्या बाजूने येतं. तुमच्या मंडळात थेंब न पडता तुमचं रान बुडू शकतं आणि तरी तुम्ही पात्र असता. कुणी 'तुमच्या मंडळात ६५ भरले नाहीत' म्हणालं, तर माझं नुकसान पुराने झालंय, पावसाने नाही, असं लेखी द्यायचं. २०२५ च्या पॅकेजमध्ये तर ६५ मिलिमीटरची अट ठेवलीच नव्हती.

पीक गेलं त्याखेरीज तुमची जमीन खरडली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सीनाकाठ म्हणता, म्हणून विचारतो. पिकाचा पंचनामा झाला म्हणजे जमिनीचा झाला असं नाही. शेतात गाळ किंवा वाळू तीन इंचांच्या वर साचली असेल तर हेक्टरी १८,००० आणि माती खरडून गेली, नदीने पात्र बदललं आणि जमीन गेली, तर हेक्टरी ४७,००० असे वेगळे दर आहेत, आणि वेगळा तक्ता. यात अल्पभूधारक असणं महत्त्वाचं ठरतं. १ हेक्टर ६० आरवर तुम्ही दोघंही अल्पभूधारकात बसता. पॅकेजमध्ये खरडलेली जमीन परत लागवडीखाली आणायला रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं आणि खचलेल्या किंवा गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० हेही जाहीर झालं होतं. रोजगार हमीची कामं ग्रामपंचायतीच्या आराखड्यात यावी लागतात, आपोआप होत नाहीत. ग्रामसभेत गट क्रमांकासह नाव लिहून घ्या. जनावर दगावलं असेल तर दुधाळ जनावराला ३७,५०० आणि ओढकामाच्या जनावराला ३२,००० आहेत, पण पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला त्या वेळचाच लागतो. आता मागून मिळणार नाही.

पीकविमा या सगळ्यापासून वेगळा. तो तुम्ही भरला असेल तर त्याचा निकाल विमा कंपनीकडून, मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावरून लागेल. एक रुपयातली योजना खरीप २०२५ पासून बंद झाली, आणि त्याबरोबर ७२ तासांत वैयक्तिक नुकसान कळवून भरपाई मागायची सोयही आपल्या राज्यात गेली. तरी लोक अजून त्या क्रमांकावर फोन लावत बसतात. विमा मिळाला म्हणून अनुदान कापलं जात नाही आणि अनुदान मिळालं म्हणून विमा अडत नाही.

आता अर्ज. भावाचं नाव यादीत नसेल, किंवा आहे पण क्षेत्र कमी आहे, तर आधी पंचनाम्याची तुमच्या गटापुरती प्रत मागा. तलाठ्याकडे तोंडी मागा. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'अ' भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. काय मागायचं ते नेमकं लिहा: अमुक गावच्या अमुक गटाचा सप्टेंबर २०२५ चा संयुक्त पंचनामा, त्याआधारे तयार झालेल्या यादीचं ते पान, आणि पोर्टलवर चढवलेलं क्षेत्र. 'गावातल्या सगळ्यांची यादी द्या' असं लिहिलंत तर प्रत्येक पानाचे पैसे भरा म्हणून पत्र येईल आणि तिथंच दमाल. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.

प्रत हातात आली की तहसीलदारांच्या नावे अर्ज करा. त्यात पाल्हाळ नको. गट क्रमांक, सातबाऱ्यावरचं क्षेत्र, ई-पीक पाहणीत नोंदवलेलं सोयाबीनचं क्षेत्र, पंचनाम्यात लिहिलेलं बाधित क्षेत्र आणि राहिलेले ८० आर. सोबत सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), ई-पीक पाहणीचा उतारा आणि पुराचे फोटो असतील तर ते. फोटोवर तारीख आणि ठिकाण दिसत असेल तर फार चांगलं. भावाचं संमतीपत्र जोडलंत तर त्या ८० आरची रक्कम तुमच्या नावावर लावता येईल, नाहीतर ती त्याच्याच नावावर निघेल. घरात कुरबूर नसेल तर त्याच्या नावावर निघालेली काय वाईट? संमतीपत्राचा मुद्रांक आणि त्याची एक रजा तरी वाचेल. मात्र वाटणीची फोड कधी तरी करून घ्याच. वडिलांचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर वारस नोंद त्याआधी. मयत खातेदाराच्या नावावर निघालेले पैसे सोडवताना जे हेलपाटे पडतात ते माणसाला हतबल करतात.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. आवक क्रमांक नसलेला अर्ज कुणी दिलाच नव्हता असं समजा. महिनाभरात हालचाल नाही झाली तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं त्या पोचेची प्रत लावून द्या. माझ्या अनुभवात आमदाराच्या शिफारसपत्रापेक्षा आवक क्रमांक असलेला, एका पानाचा, आकड्यांचा अर्ज लवकर हलतो. कारकुनालाही तो तपासायला दहा मिनिटं लागतात, आणि जे दहा मिनिटांत होतं ते तो आधी करतो.

याद्यांबद्दल एक शेवटचं. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत लावायची, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायची, हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं. बऱ्याच गावांत ती लागते, पण वाचली जात नाही. प्रत्येक जण आपलं नाव बघतो आणि जातो. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ च्या अनुदानात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. जमीन नसलेल्यांची नावं, एकाच क्षेत्रावर दोनदा पैसे, तहसीलदारांच्या लॉगिनचा गैरवापर, रक्कम काही कोटींत. तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. माझ्या खात्यातली माणसं होती, म्हणून लिहायला बरं वाटत नाही. पण भिंतीवरची यादी गावाने पहिल्या नावापासून मोठ्याने वाचली असती, तर 'हा कोण, याचं रान कुठंय' असं पाचव्या नावाला कुणी तरी विचारलंच असतं. तुमच्या गावात अजून यादी भिंतीवर असेल तर भावाचं नाव शोधायला जाल तेव्हा ती सगळीच वाचा, चार माणसांना घेऊन.

आणि भावाच्या ८० आरचे पैसे त्याच्या पगाराच्या खात्यात पडले आणि त्या बँकेने वाहनकर्जाच्या हप्त्यात वळते केले, असं झालं तर घाबरू नका. या मदतीतून कर्जवसुली करायची नाही असं शासन निर्णयातच असतं. त्याची प्रत काढून शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यायचा, एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला. पण हे नंतरचं. आधी आधार कुठल्या बँकेला जोडलाय ते बघा.